यादी कुणाच्या हातात

मीरा रोड किंवा भाईंदरमधल्या जवळपास प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखाली, टपालपेट्यांच्या शेजारी, रहिवाशांच्या नावांची एक पाटी असते. खोली क्रमांक आणि पुढे नाव, एवढाच तिचा मजकूर. पोस्टमन, कुरिअरवाला, गॅस सिलिंडर आणणारा, वर्गणी मागायला आलेली पोरे, सगळ्यांची सोय होते. पण आपल्याकडे आडनाव नुसते आडनाव नसते. त्यात धर्म, जात, प्रांत, कधी कधी गावसुद्धा वाचता येते. जानेवारी १९९३ च्या दंगलीत मुंबईतल्या अनेक इमारतींनी अशा पाट्या उतरवून ठेवल्या, काहींनी ठरावीक नावे पुसली किंवा झाकली. हे करणाऱ्यांना कायदा ठाऊक नव्हता, की इतिहास पाठ नव्हता. बाहेरचा जमाव नावे शोधत येतो आहे, एवढे मात्र त्यांना पुरते कळले होते. दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने पुढे नोंदवले, की हल्लेखोर दुकानांच्या आणि मतदारांच्या याद्या हाती घेऊन फिरत होते. या प्रकरणाचे म्हणणे या दोन कागदांभोवती, म्हणजे उतरवलेल्या पाटीभोवती आणि हाती घेतलेल्या यादीभोवती, फिरते. माणसांच्या एका समूहाचा संहार करण्याआधी तो समूह निवडून बाजूला काढावा लागतो. संहार रोखण्याची खरी वेळ त्या निवडीच्या टप्प्यावरच असते. जगाने आणि आपण उभारलेली बहुतेक यंत्रणा मात्र हा टप्पा उलटून गेल्यावर जागी होते.

आधी शब्द नीट पाहू, कारण या विषयात शब्दांचा सैलपणा महागात पडतो. मराठीत हत्याकांड, नरसंहार, कत्तल आणि वंशसंहार हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. कायद्याला मात्र यातला शेवटचा शब्द फार काटेकोरपणे लागतो. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये या गुन्ह्यासाठी नवा शब्द घडवला, आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहाराविरुद्धचा करार संमत केला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूहाला, समूह म्हणून, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्ये त्यात बसतात: ठार मारणे, गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, जगणेच अशक्य होईल अशी परिस्थिती लादणे, जन्म रोखणे आणि मुले हिरावून दुसऱ्या समूहाकडे देणे. किती माणसे मेली, हा या व्याख्येतला निर्णायक प्रश्न नाही. हेतू काय होता, हा आहे. त्यामुळे हजारो मृत्यू होऊनही एखादी घटना वंशसंहार ठरत नाही, आणि तुलनेने लहान घटना ठरू शकते. राजकीय गटांना व्याख्येबाहेर ठेवले गेले, ते करार करणाऱ्या राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. ही त्रुटी आजही तशीच आहे.

असा हेतू येतो कुठून? सर्वांत सोपे उत्तर म्हणजे पुरातन वैर. दोन समाज शतकानुशतके एकमेकांचा द्वेष करत होते, एक दिवस भडका उडाला, असे सांगितले की प्रश्न मिटतो. मीरा-भाईंदरच्याच हद्दीतली जमीन या उत्तराच्या आड येते. भाईंदर पश्चिमेला चौक गावाजवळ धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३९ मध्ये तो घेतला, आणि मे महिन्यात वसईच शरण आली. वैर हवे असेल तर येथे ते भरपूर होते. पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली गेली होती, हिंदू संस्कारांवर बंदी आली होती, आणि मोहिमेत मराठ्यांची माणसेही मोठ्या संख्येने कामी आली होती. धर्माचा फरक होता, सूडाचे कारण होते, निर्विवाद लष्करी ताकद होती. तरी शरणागतीच्या अटींत पोर्तुगीज शिबंदीला मानाने बाहेर पडू दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. उत्तन, डोंगरी, चौक येथली ख्रिस्ती गावे आणि त्यांची चर्च आज उभी आहेत, हा त्याचा पुरावा. अठराव्या शतकातले युद्ध दयाळू होते असा याचा अर्थ मुळीच नाही. वैर, फरक आणि ताकद एकत्र आली तरी संहार आपोआप घडत नाही, एवढाच याचा अर्थ. त्यासाठी आणखी काही लागते. समोरच्याचे नुसते असणेच आपल्या जिवाला धोका आहे ही कल्पना लागते, आणि ती घराघरापर्यंत पोचवणारे राज्ययंत्र लागते.

हे यंत्र विसाव्या शतकाने दिले, आणि त्याचा पहिला भाग नेहमी कागदाचा होता. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री ऑटोमन राजधानीत आर्मेनियन लेखक, वकील, संपादक, धर्मगुरू यांना यादीनुसार उचलले गेले, आणि मग लाखो आर्मेनियनांच्या हद्दपारीचा व मृत्यूचा मार्ग मोकळा झाला. जर्मनीत १९३९ च्या जनगणनेत प्रत्येकाला आजी-आजोबांपैकी किती जण ज्यू होते, हे वेगळ्या पत्रकावर विचारले गेले. नेदरलँड्सची नागरिक नोंदणी तर युरोपात वाखाणली जाई. तिथल्या सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले, त्याचे एक कारण ही चोख नोंदणी. म्हणूनच मार्च १९४३ मध्ये काही डच कलाकार-लेखकांनी ॲम्स्टरडॅमचे नोंदणी कार्यालयच पेटवून दिले. त्यांच्यापैकी बारा जणांना पुढे गोळ्या घालण्यात आल्या. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी हे छापायला सुरुवात केली. तोवर ही ओळख जन्माइतकीच गुरे, जमीन आणि दरबारी स्थान यांच्यावरही अवलंबून असे. साठ वर्षांनी, एप्रिल ते जुलै १९९४ या शंभर दिवसांत, रस्त्यावरच्या प्रत्येक नाक्यावर तेच ओळखपत्र जीवन-मरण ठरवत होते. आठ लाखांहून अधिक माणसे मेली, बहुतेक तुत्सी, आणि त्यांच्यासोबत या कत्तलीला नकार देणारे हुतूही. रेडिओने द्वेष पुरवला हे खरे. पण द्वेषाला पत्ता दिला तो कागदाने.

आता मुंबईकडे वळू. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दोन टप्प्यांत श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू मोजले: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर. त्यांपैकी ३५६ जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, ३४७ भोसकले गेले. हा वंशसंहार होता का? कायद्याच्या व्याख्येने नाही, आणि तो शब्द येथे चिकटवल्याने मेलेल्यांना न्याय मिळत नाही, उलट ज्यांना सगळेच नाकारायचे आहे त्यांचे काम सोपे होते. बळी दोन्ही बाजूंचे होते. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जाळून मारलेल्या हिंदू कुटुंबाचे दुःख कोणत्याही आकडेवारीने हलके होत नाही. पण वंशसंहार नव्हता म्हणजे नुसता उत्स्फूर्त भडका होता, हेही आयोगाने मानले नाही. जानेवारीच्या टप्प्यातल्या हल्ल्यांमागे संघटना होती, त्याची जबाबदारी त्याने शिवसेनेच्या नेतृत्वावर ठेवली, आणि पक्षपाती वागणाऱ्या पोलिसांची नावे घेतली. म्हणजे संहारापर्यंत नेणाऱ्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या येथे नव्हत्या, पण खालच्या पायऱ्या ओळखीच्या होत्या. याद्या होत्या, ‘ते’ आणि ‘आपण’ अशी भाषा होती, आणि खाकी गणवेशाने बाजू घेणे होते. ताप आणि न्यूमोनिया एक नव्हेत. तरी तापाकडे दुर्लक्ष करणाऱ्या डॉक्टरला कोणी शहाणा म्हणत नाही.

अशा हिंसेचे परिणाम मृतांच्या आकड्यावर थांबत नाहीत, ते शहराच्या नकाशात उतरतात, आणि मीरा-भाईंदर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कोळी, आगरी, ख्रिस्ती गावांचा आणि मिठागरांचा हा पट्टा १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात होता. २००१ मध्ये तो पाच लाखांवर गेला, २०११ मध्ये आठ लाखांवर. नगरपालिका होती तिथे २००२ मध्ये महानगरपालिका आली. यावर रास्त आक्षेप असा, की लोक स्वस्त घरांसाठी आले, दंगलीमुळे नव्हे. मुंबईत भाव परवडेनासे झाले, पश्चिम रेल्वे होती, मिठागरांच्या कडेला बिल्डरांना जमीन मिळाली. हे सगळे खरे, आणि मीरा रोड स्टेशनजवळचे मुसलमानबहुल नया नगर तर १९९२ च्या आधीपासूनचे आहे. पण भाव सगळ्यांना सारखेच ढकलत होते, तर वस्त्या वेगवेगळ्या का झाल्या? दंगलीनंतर मिश्र चाळी आणि इमारती सोडणारे मुसलमान मोठ्या संख्येने मुंब्र्याला आणि मीरा रोडला गेले, कारण संख्येत सुरक्षितता वाटत होती आणि अन्यत्र घर मिळत नव्हते. त्याच शहरात काही सोसायट्या खाण्यापिण्याच्या नावाखाली कोणाला घर द्यायचे ते ठरवतात. आता जिन्याखालची पाटी वाचायची गरजच उरत नाही, वस्तीचे नाव पुरते. समूह बाजूला काढण्याचे जे काम १९९३ मध्ये जमावाला यादी घेऊन करावे लागले, ते पुढच्या तीस वर्षांत घरबाजाराने बिनबोभाट करून टाकले.

आसरा देणे ही अशा संकटातली सर्वांत जुनी आणि खात्रीची मदत असते, हे मान्य केले पाहिजे. स्टालिनच्या राजवटीने सायबेरियात हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जणांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने आसरा दिला, तेही ज्या काळात मोठमोठ्या देशांनी ज्यू निर्वासितांना दारे बंद केली होती. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या एक कोटीच्या आसपास निर्वासितांचा भार भारताने उचलला. पण आसरा जीव वाचवतो, गुन्हा मिटवत नाही. आसऱ्याची वस्ती कायमची झाली आणि परतीची वाट बंद राहिली, तर ज्यांनी हाकलले त्यांचा हेतू अर्धा सफल होतो.

मग आंतरराष्ट्रीय समुदाय काय करतो? येथे भारताची कहाणी विलक्षण आहे. वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा मानावा, ही मागणी १९४६ मध्ये आमसभेपुढे नेणारे देश तीन होते: क्यूबा, पनामा आणि भारत. त्या अधिवेशनातल्या आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. भारताने १९५९ मध्ये करार मान्य केला, पण आपल्या संमतीशिवाय आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाता येणार नाही अशी अट घालून. हीच अट १९७३ मध्ये उपयोगी पडली. बांगलादेशातल्या अत्याचारांसाठी १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटला चालवायचा होता, तेव्हा पाकिस्तान हेगच्या या न्यायालयात गेला, भारताने न्यायालयाचा अधिकारच नाकारला, पुढे दावा मागे घेतला गेला. आणि १९७४ च्या तहात ते कैदीही खटल्याविना परत गेले. ज्या प्रसंगात भारताने सर्वाधिक किंमत मोजली, त्यातला न्याय राजनैतिक सोयीत विरला.

बाकी जगाची कामगिरी म्हणजे बैल गेला नि झोपा केला. रवांडातील शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमिओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कला कळवले, की किगालीतल्या सगळ्या तुत्सींची नोंद करण्याचे आदेश निघाले आहेत आणि खबऱ्याला हे संहारासाठीच असल्याचा संशय आहे. शस्त्रसाठ्यांवर छापा घालायची परवानगी त्यांना मिळाली नाही. कत्तल सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० माणसांवर आणण्याचे ठरवले. नंतर उत्तम न्यायाधिकरण स्थापन झाले, १९९८ मध्ये अकायेसू खटल्यात वंशसंहाराची पहिली आंतरराष्ट्रीय दोषसिद्धी झाली, बलात्कार हेही संहाराचे साधन असू शकते हे ठरले. मेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. मात्र या उशिराच्या न्यायातून एक मौल्यवान गोष्ट निघाली. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांवर बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्या प्रकरणात २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सर्बियाला संहार केल्याबद्दल नव्हे, तर तो न रोखल्याबद्दल दोषी धरले. गंभीर धोका असल्याचे कळले, किंवा कळायला हवे होते, त्या क्षणापासून रोखण्याचे कर्तव्य सुरू होते, असे ते म्हणाले. मृतदेह मोजून झाल्यावर नव्हे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, की हा सगळा बलाढ्य देशांचा खेळ आहे, दुबळ्यांवर खटले आणि सबळांना सूट. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. बाहेरचा न्याय राजकारणावर अवलंबून असेल, तर घरचा कायदा अधिक भक्कम हवा. दुसरा आक्षेप असा, की खून, जाळपोळ, दंगल हे गुन्हे आहेतच, वेगळा कायदा कशाला? याचे उत्तर दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी, १९८४ च्या शीखविरोधी हिंसेतल्या सज्जन कुमार प्रकरणात दिले. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीने बुजवायला हवी, असे न्यायालयाने सांगितले, आणि १९९३ च्या मुंबईचाही त्या मालिकेत उल्लेख केला. सुटा खून तपासताना पोलीस सुरा कोणी चालवला हे शोधतात. यादी कोणी पुरवली, गाड्या कोणी दिल्या, फोन कोणी उचलला नाही, हे त्या तपासात मावत नाही. सांप्रदायिक हिंसाचारावरचे विधेयक २०१४ मध्ये राज्यसभेतच अडले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जात, भाषा अशा कारणांवरून जमावाने केलेल्या खुनासाठी वेगळी तरतूद आली, ही पुढची पायरी आहे. पण वंशसंहाराचा गुन्हा तिच्यातही नाही. करार मान्य करताना तसा कायदा करण्याचे वचन आपणच दिले होते.

जानेवारी २०२४ च्या एका आठवड्यात घरचा कायदा आणि बाहेरचा न्याय ही दोन्ही टोके एकदम दिसली. २१ तारखेच्या रात्री, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या पूर्वसंध्येला, नया नगरमध्ये झेंडे लावलेल्या गाड्यांमधल्या लोकांवर हल्ला झाला. पुढच्या दोन दिवसांत मीरा रोडमध्ये मुसलमानांची दुकाने आणि वाहने फोडली गेली. २३ तारखेला नया नगरातल्या काही बांधकामांवर, अनधिकृत म्हणून, बुलडोझर चालला. तीनच दिवसांनी, २६ जानेवारीला, हेगच्या न्यायालयाने वंशसंहाराच्या कराराखाली गाझाबाबत इस्रायलला तात्पुरते आदेश दिले. बहुमताच्या बाजूला न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, एकेकाळचे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. या दोन घटनांची तुलना करणे हास्यास्पद होईल, आणि तो मुद्दाही नाही. हेगचा आवाका देशादेशांतल्या वादापुरता. नया नगरचा प्रश्न पोलीस ठाण्याचा, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाचा आणि सोसायटीच्या वार्षिक सभेचा आहे. गाडीवर दगड मारणाऱ्याला आणि दुकान फोडणाऱ्याला एकाच मापाने पकडले, तर यादीतून निवड होत नाही. बांधकाम बेकायदा असेलही, पण हिंसेनंतर दोन दिवसांत, त्याच वस्तीत केलेली कारवाई लोकांना पत्त्यावरून दिलेली शिक्षा वाटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली, आणि कोणी आरोपी आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही असे ठरवले, त्यामागे हीच समज आहे. वंशसंहार रोखणे हे काम असे रोजचे आणि कंटाळवाणे असते. ते नीट झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

याद्या नकोतच, असा याचा अर्थ नाही. मतदार यादीविना मत नाही, शिधापत्रिकेविना धान्य नाही. प्रश्न राज्य कोणती यादी मन लावून करते हा आहे. १९९२-९३ मध्ये मुंबईत १६८ माणसे बेपत्ता झाली. त्यांच्यापैकी ६० जणांच्याच कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांचा शोध घ्या आणि त्यांना व्याजासह दोन लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगावे लागले, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी. ज्या शहरात मारण्यासाठी लागणारे पत्ते एका रात्रीत सापडले, त्याच शहराला बेपत्ता माणसांच्या घरांचे पत्ते तीन दशके सापडत नव्हते.